हिल्का मावशीचा ठेका

त्या ऑक्टोबरात हौकिलाम्पी गावात बातमी अशी होती की, शाळेची स्वयंपाकीण हिल्का कारविनेन हिने आर्त्तू केम्पाइनेनची बोटं शीतघराच्या दारात मुद्दाम चेंगरली आणि त्याची ड्रमवरची जागा बळकावली. बातमी सकाळी पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावरून निघाली, दुपारी चर्चच्या शिवणमंडळात पोचली, आणि तिथे तिला हवे तिथे टाके, हवी तिथे झालर लावण्यात आली. संध्याकाळी ती घरोघरी परतली तेव्हा दोन बोटं तुटलेली होती आणि त्यातलं एक अजून सापडलं नव्हतं. शाळेत गुरुवारी मटाराचं सूप असतं हे आठवून दोन-तीन आया गंभीर झाल्या.

खरं काय ते सांगून टाकू. आर्त्तूची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि त्या दहांमध्ये बंदूक धरून तो जंगलात एका पडलेल्या खोडावर बसला होता. मूस हरणाच्या शिकारीचा मोसम उघडला होता. शाळेलाही शरदाची सुट्टी होती, त्यामुळे सूपही नव्हतं. बातमीत खरं एवढंच होतं की आर्त्तूच्या स्टुलावर आता हिल्का बसली होती.

चूक मात्र घडली होती, आणि ती आमच्याच माणसांनी करावी अशी होती.

आर्त्तू, ओस्कारी आणि सांपो या तिघांचा ‘केलिरिक्को’ नावाचा हेवी मेटलचा बँड. वसंतात बर्फ वितळून कच्चे रस्ते चिखल होतात, दुधाची गाडी तासाला चार किलोमीटर चालते, त्या दिवसांचं हे नाव. त्यांचं संगीतही त्याच वेगाने चालतं. सगळ्यांत छोटं गाणं अकरा मिनिटांचं, आणि त्यात एका ठोक्यानंतर दुसरा पडेपर्यंत माणसाने चहात साखर ढवळून घ्यावी. गावाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे मेटल वाजवणं म्हणजे बंड नव्हे. आमचा पाद्री स्वतः मुलांच्या शिबिरात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि वाईट वाजवतो, यावरच काय ती तक्रार आहे.

तर जून महिन्यात ओस्कारीच्या धक्क्यावर, सौनातली वाफेची अंघोळ झाल्यावर, तिघं पाय तळ्यात सोडून बसले होते. ओस्कारी गिटार वाजवतो आणि गातो. म्हणजे विहिरीतून रेडा बोलावा तसा आवाज काढतो. दिवसा तो बालवाडीत शिकवतो. तो म्हणाला की रेकॉर्डसाठी जुनी डेअरी सहा दिवस मिळतेय, ताम्पेरेहून रेकॉर्डिंगवाला रास्मुस यायला तयार आहे, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याला सुट्टी असते. आता ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मूसची शिकार उघडते हे आमच्या भागात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. आर्त्तू आठ वर्षं शिकारीच्या टोळीत आहे, हेही सगळ्यांना माहीत. ओस्कारीच्या मनात आलं, आर्त्तूला अडचण असेल तर तो बोलेल. आर्त्तूच्या मनात आलं, ओस्कारीला ठाऊक आहे, त्याने विचार केलाच असेल. बेसवाला सांपो धंद्याने वीजमिस्त्री, एकशेदहा किलोंचा. त्याला वाटलं, दोघं गप्प आहेत म्हणजे त्यांचं आधीच ठरलंय. तिघांनी तळ्याकडे बघितलं. विषय संपला.

मग चार महिने दर मंगळवारी तालीम झाली आणि चार महिने त्यावर कुणी अक्षर काढलं नाही. आदल्या शुक्रवारी आर्त्तूने फोनवर निरोप धाडला, ‘उद्यापासून जंगलात.’ ओस्कारीने उत्तर दिलं, ‘बरं.’

त्याला जाऊ नकोस म्हणणं शक्यच नव्हतं. शिकारीच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी राहिली आणि मूस नेमका तिथून निसटला, तर ते माणसाच्या नातवंडांनाही ऐकवतात.

हिल्काचा या सगळ्याशी संबंध जेवणापुरता. शाळा बंद, नवरा तौनो शिकारीच्या टोळीचा म्होरक्या म्हणून जंगलात, तेव्हा सहा दिवस दुपारचं जेवण डेअरीत पोचवायचं तिने कबूल केलं होतं. सोमवारी अकरा वाजता ती मोठी परात घेऊन आत शिरली. परातीत जनावराचं रक्त घालून केलेली धिरडी होती, वर लिंगनबेरीचा मुरंबा. एरवी शाळेत ही धिरडी असली की पोरं मारामाऱ्या करतात. इथे मात्र तीन पुरुष पांढऱ्या फरश्यांच्या भिंतीला टेकून उभे होते आणि मधोमध रिकामा ड्रमसेट होता. कुणी परातीकडे बघेना.

हिल्काबद्दल दोन शब्द इथेच सांगायला हवेत. वय एकसष्ट. उंची बेताची, दंड लाकूडतोड्याचे, कारण बत्तीस वर्षं ती शंभर लिटरच्या भांड्यांत पळी फिरवत आली आहे. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातचं खाल्लंय, म्हणून निम्मं गाव तिला मावशी म्हणतं. बोलते कमी, पण जे बोलते ते थाळीत वाढल्यासारखं. नको असेल तरी समोर येतं.

पण शाळेबाहेरची हिल्का वेगळी. तळ्याकाठी पूर्वी नाचाचा मांडव होता. उन्हाळ्यात दर शनिवारी तिथे टँगो चाले. हिल्का सत्तावीस वर्षांची असताना तिथल्या कॉफीच्या खिडकीवर बसायची. एका शनिवारी वाद्यवृंदाचा ड्रमवाला दोन गाण्यांच्या मधे रंगमंचावरून मागच्या मागे तळ्यात पडला. त्याला काढलं, वाळत घातलं, पण वाजवायला कुणी नव्हतं. हिल्काने खिडकी लावली, अॅप्रन काढला आणि जाऊन बसली. त्यानंतर ती तीस उन्हाळे तिथून उठली नाही. गावातली निम्मी लग्नं तिच्या ठेक्यावर जमली. ओस्कारीचे आईबाप तिथेच भेटले. एकट्या तौनोने मात्र बायकोबरोबर कधी नाच केला नाही, कारण बायको वर वाजवत असे. तीस वर्षं तो खाली सॉसेज खात उभा राहिला, आणि घरी जाताना गाडीत ‘बरं झालं आज’ एवढं म्हणत आला.

चार वर्षांपूर्वी मांडव मोडला. फळ्या कुणीतरी आपल्या ओसरीला लावल्या. वाद्यवृंदाची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती. कुणी कधी फोनवरसुद्धा टिपून ठेवलं नव्हतं. शनिवारी वाजतंच की, टिपायचं कशाला, असं सगळ्यांना वाटे. तीस उन्हाळ्यांचं वाजवणं तळ्यावरून पलीकडे गेलं ते गेलं. हिल्का याबद्दल हळहळत बसली नाही, पण ही गोष्ट ती विसरलीही नव्हती.

तर सोमवारी रास्मुस म्हणत होता, ड्रम यंत्रावर घालू, हल्ली सर्रास करतात, ऐकणाऱ्याला कळणारही नाही.

हिल्काने परात खाली ठेवली. “ऐकणाऱ्याला कळणार नसेल तर तुला ताम्पेरेहून कशाला आणलं?” ती म्हणाली. “मी बसते.”

सांपो खोकला. “मावशी, हे हेवी मेटल आहे.”

“माहीत आहे. तीन वर्षं दर मंगळवारी तुमच्या तालमीच्या जागेवर वरच्या मजल्यावर माझा बायकांना पिराक्या भाजायला शिकवायचा वर्ग असतो आणि खाली तळघरात तुम्ही असता. पाचही गाणी मला पाठ आहेत, माझ्या बायकांनाही आहेत. दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या मिनिटाला आर्त्तू पळायला लागतो. अस्वल लागतं की काय मागे, देव जाणे.”

हे खरं होतं. ओस्कारी आणि सांपो दोघांनाही ते तीन वर्षं माहीत होतं, आणि दोघांनीही ते आर्त्तूला कधी सांगितलं नव्हतं. ओस्कारीने सांपोकडे बघितलं, सांपोने धिरड्यांकडे. हिल्काने त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि स्टूल आपल्या उंचीला खाली केलं.

पहिला प्रयत्न वाईट झाला. रास्मुसने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, त्यात टिकटिक सोडली, आणि स्वतः काचेपलीकडे, जिथे पूर्वी दुधाचं फॅट तपासायचे त्या खोलीत जाऊन बसला. हात हलका पडतोय म्हणून हिल्काने काठ्या उलट्या धरल्या, जाड टोक पुढे. मग आवाज असा झाला की खिडकीची तावदानं बोलली. पण ठोका जागेवर पडेना. कधी टिकटिकीच्या पुढे, कधी मागे. चार मिनिटांनी रास्मुसने थांबवलं आणि आत येऊन म्हणाला, की छान होतं.

आमच्याकडे कुणी इतक्या लवकर छान म्हणालं तर माणसाला धसका बसतो. साधारणपणे ‘वाईट नाही’ हे शब्द ऐकायला दहा वर्षं घालवावी लागतात.

“छान नव्हतं,” हिल्का म्हणाली. “ही टिकटिक काढ. आणि माझ्यासमोर पाय नाहीत.”

रास्मुसने आधी तिच्या पायांकडे बघितलं, मग ड्रमच्या पायांकडे. तिला समजावून सांगावं लागलं, आणि तिने ते शाळेत नव्या मदतनीस बाईला भात शिजवायला शिकवावा तशा शांतपणे सांगितलं. मांडवावर ती कधी वाद्यवृंदाकडे बघून वाजवत नसे. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवी. संथ टँगोत माणूस पाय उचलतो आणि क्षणभर तो तसाच हवेत राहतो. शेतावरून आलेला, दिवसभर गवत भरलेला माणूस असेल तर क्षणापेक्षा जास्त. तो पाय टेकतो तेव्हाच ठोका पडायला हवा. आधी पडला तर माणूस अडखळतो, उशिरा पडला तर बायको हसते. तीस वर्षं तिने तेवढंच केलं होतं. तुमची गाणी टँगोच आहेत, ती म्हणाली, फक्त फार दुःखी माणसाचा.

ओस्कारी यावर चिडेल असं रास्मुसला वाटलं. ओस्कारी चिडला नाही. तो बूट काढत होता.

त्यानंतर जे झालं ते टपालवाल्या बाईने खिडकीतून बघितलं, आणि पेट्रोलपंपावर तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. डेअरीच्या पांढऱ्या दालनात दोन दाढीवाले, काळ्या बनियनमधले पुरुष एकमेकांचा हात धरून, लोकरी मोज्यांत, तोंडातून आवाज न काढता टँगो करत होते, आणि दर चार सेकंदांनी शाळेची स्वयंपाकीण ड्रमवर कुऱ्हाड घालावी तसा घाव घालत होती.

त्याआधी बाई कोण व्हायचं यावर वेळ गेला. ओस्कारीचं म्हणणं, मी आईबापांकडून नाच शिकलोय, मी पुरुष. सांपोचं म्हणणं, मी बारावीआधीच्या शाळेच्या नाचात सूट घालून नाचलोय, माझा फोटो आहे. हिल्काने ऐकून घेतलं.

“ज्याची दाढी लांब तो बाई,” ती म्हणाली.

सांपोची दाढी पहिल्या बरगडीपर्यंत होती. तो मुकाट्याने ओस्कारीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या डाव्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. हिल्काला ते फार सोयीचं पडलं. तो अंगठा टेकला की मी मारते, तिने सांगितलं, आणि मोजा रफू करायचा नाही.

गिटार, बेस आणि आवाज नंतर चढवायचे होते, म्हणून दोघंही गाणं मनातल्या मनात म्हणत होते. हिल्काही म्हणत होती. रास्मुसच्या पडद्यावर चार सेकंद सरळ रेघ, मग एक डोंगर, मग पुन्हा सरळ रेघ. आधी त्याला वाटलं की बिघडलंय. मग त्याने खुर्ची पुढे ओढली. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी गाणं संपलं तेव्हा त्याने बटण दाबून विचारलं, ते दोघं मावशीच्या ठेक्यावर नाचतायत आणि मावशी त्या दोघांच्या पायांवर वाजवतेय, तर मग कोण कोणाच्या मागे चाललंय?

हिल्का म्हणाली की तीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी पडलंही नाही. मग तिने घड्याळ बघितलं. दोन वाजले होते. दोन वाजता कॉफी. त्या आठवड्यात गाणं कुठेही आलेलं असो, दोन वाजता ती काठ्या खाली ठेवी, आणि बुधवारपर्यंत ताम्पेरेचा रास्मुसही पावणेदोनला दालचिनीच्या पावाकडे नजर टाकू लागला होता.

मंगळवारी दुसरं गाणं झालं, ज्यात आर्त्तूच्या मागे अस्वल लागतं ते. अस्वल आलं नाही. बुधवारी तिसरं, चौदा मिनिटांचं. त्यात बाराव्या मिनिटाला सांपोला शिंक आली. ती त्याने दाबली. डोळ्यांतून पाणी आलं, मान लाल झाली, पण पाय उचललेला होता तो उचललेलाच ठेवला, आणि हिल्कानेही काठी वर धरून ठेवली. तो ठोका इतरांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा पडला. रास्मुस म्हणाला, पूर्ण रेकॉर्डवर याच्याइतकी चांगली जागा नाही, कुणी हात लावायचा नाही. सांपोला कळेना की खूश व्हावं की रुमाल मागावा.

संध्याकाळी घरी तौनो जंगलातून येई, बूट काढी आणि विचारी, “झालं का?” ती म्हणे, “चाललंय. तुमचं?” तो म्हणे, “चाललंय.” एवढ्यात दोघांना एकमेकांचा दिवस कळे. त्यांच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत.

गुरुवारी सकाळी चौथं झालं आणि दुपारी पाचवं गाणं संपलं. हिल्काने काठ्या पुसून ठेवल्या, काचेपलीकडे जाऊन बसली आणि रास्मुसला म्हणाली, लाव. त्याने लावलं. तिने स्वतःचं वाजवणं आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. सगळी पाच गाणी ऐकली, तासाभरापेक्षा जास्त, हात मांडीवर ठेवून. शेवटी म्हणाली, “वाईट नाही.” रास्मुस चार दिवसांत इतका शिकला होता की हे ऐकून त्याने उठून तिच्यासाठी कॉफी ओतली.

पण गुरुवारीच दुपारी टोळीला तिसरा मूस मिळाला आणि त्या वर्षाचा वाटा संपला. शुक्रवारी सकाळी आर्त्तू दारात उभा. हातात मांसाची पिशवी, केसांत पाइनच्या काड्या, चेहऱ्यावर अपराधी आनंद.

पिशवी त्याने हिल्काच्या हातात दिली. म्हणाला, “मावशी, उपकार झाले. गाडं अडलं नाही तुझ्यामुळे. आता मी आलोय. दीड दिवस आहे, तेवढ्यात मी माझं वाजवून टाकतो.”

वाईट हेतूने तो बोलला नव्हता. बँड त्याचाही होता, सुरुवातीपासूनचा. ड्रम त्याचे होते. स्टूलही त्याचंच होतं, आणि ते वर करायला तो वाकलासुद्धा.

ओस्कारीने भिंतीच्या फरश्या मोजायला घेतल्या. सांपोने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. रास्मुस बाहेरचा, त्याने त्या दोघांकडे बघितलं. हिल्काला समोर काय चाललंय ते स्वच्छ दिसलं. आणखी एक मिनिट कुणी बोललं नाही की ते ठरल्यात जमा होणार होतं. संध्याकाळपर्यंत तिचा ठेका पुसला गेला असता, आणि कुणी कुणाला वावगं बोललं नसतं, सगळे मूसचं कालवण खाऊन घरी गेले असते.

“आर्त्तू,” ती म्हणाली, “मला माझं वाजवणं राहायला हवंय.”

तो वाकलेला तसाच राहिला.

“मांडवावर तीस वर्षं वाजवलं. त्यातलं एक मिनिट कुठे ऐकायला मिळायचं नाही. हे पाच गाण्यांचं आहे, आणि ते चांगलं झालंय. मला ते रेकॉर्डवर हवंय. मी बोलले, आता तुम्ही बोला.”

माणसाने आपल्याला काय हवंय ते असं तोंडावर सांगावं, ही आमच्या गावात शिकारीच्या रांगेत मोठ्याने हसण्याइतकी अघटित गोष्ट आहे. आर्त्तूचे कान लाल झाले. ओस्कारीचा फरश्यांचा हिशेब चुकला. शेवटी आर्त्तू म्हणाला की, मग मी काय करू.

“बस आणि वाजव,” हिल्का म्हणाली. “दुसरं गाणं. माझ्यासाठी हे दोघं नाचले, तुझ्यासाठीही नाचतील. मग दोन्ही लावू. तुझं चांगलं असेल तर तुझं ठेवायचं. मी जेवणाचे डबे उचलून जाईन, तोंड पाडणार नाही.”

ती हे चिडून म्हणाली नाही, की पोराची जिरवायची म्हणूनही नाही. पावाच्या कणकेत बोट खुपसून बघावं तसं तिने गेले चार दिवस त्या ठेक्याला दाबून बघितलं होतं. तो कुठे सुटणार नाही याची तिला खात्री होती. काचेपलीकडे बसून तिने पिशवीतलं मांस बघितलं, मांडीचं आहे हे ओळखलं आणि कांदे किती लागतील याचा अंदाज घेतला.

आर्त्तूला नाचाचं काय ते कळलं नाही, पण त्याने विचारलंही नाही. तो बसला. आणि त्याने वाजवलं, खरं सांगायचं तर दणकट वाजवलं. हात तरणा, वजन चांगलं, पायाचा ड्रम तर हिल्कापेक्षा खोल. दोन मिनिटं रास्मुसची मान हलत होती. तिसऱ्या मिनिटाला सांपोचा पाय हवेत असताना ठोका पडला. सांपोने घाईने पाय टेकला. पुढचा त्याहून लवकर. सातव्या मिनिटाला ते दोघं दाढीवाले टँगो सोडून जवळजवळ पोल्का करत होते, आणि नवव्या मिनिटाला ओस्कारी वायरीत अडकून सांपोच्या छातीवर पडला. आर्त्तू डोळे मिटून वाजवत होता, त्याला पत्ता नव्हता.

मग दोन्ही लावलं. आधी त्याचं, मग तिचं. हिल्काचं गाणं अकरा मिनिटं वीस सेकंदांचं होतं, आर्त्तूचं पावणेदहा मिनिटांत आटोपलं होतं. तिच्या गाण्यात एक ठोका पडला की आवाज भिंतींवर जाई, फिरून परत येई, मरे, आणि तो मेलाय याची खात्री पटेपर्यंत दुसरा येत नसे. आर्त्तू खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता. मधे एकदा त्याचा हात आपोआप उठला, ठोका यायला हवा होता म्हणून. तो आला नाही. हात तसाच वर राहिला, आणि मग ठोका आला.

गाणं संपल्यावर त्याने केसांतली पाइनची काडी काढून खिशात टाकली.

“मावशीचंच ठेवा,” तो म्हणाला. “पाचही.”

ओस्कारीने मान हलवली. तेवढ्याने भागलं असतं, पण चार दिवस हिल्काबरोबर काढल्यामुळे असेल, तो तोंडानेही म्हणाला की हो, आम्हालाही तेच हवं होतं, आणि तू तिसऱ्या मिनिटाला पळतोस, हे आम्ही तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आर्त्तू म्हणाला, सांगायला हवं होतं. सांपो म्हणाला की हो. रास्मुसने दाराकडे बघितलं. त्याला वाटलं आता मारामारी होणार. पण तिघंही हलके झाल्यासारखे दिसत होते, आणि दोन वाजत आले होते.

कव्हरवर ड्रमसमोर हिल्का कारविनेन हे नाव छापायचं तिथेच ठरलं. कार्यक्रमांत मात्र आर्त्तूच वाजवणार होता, कारण शनिवारी रात्री गावोगावी हिंडायला हिल्काने साफ नकार दिला. शनिवारी सौना असतो. म्हणजे आर्त्तूला आता तिच्यासारखं वाजवायला शिकणं भाग होतं. तो कॉफीचा कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला आणि त्याने विचारलं, “मावशी, खरं सांग. एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत तू मधे करतेस तरी काय?”

हिल्का म्हणाली, “काही नाही. तेवढंच तुला जमत नाही.”